जाळ मोजणारा माणूस

आधी नाकातोंडाला उपरणं बांधा, मगच डोळे उघडा. तुम्ही खर्ड्याच्या माळावर उभे आहात. साल १७९५, मार्चची ११ तारीख. शिमगा नुकताच सरलाय, शाळूची काढणी झालेली रानं मोकळी पडलीत आणि त्या मोकळ्या रानांत जिकडे बघावं तिकडे माणसं, घोडे, बैल, उंट, हत्ती. दोन्ही बाजू मिळून लाखांच्या घरातली फौज आहे, इकडे पेशव्यांची आणि तिकडे निजामाची. कोण कशासाठी भांडतंय ते राहू द्या, ते शाळेच्या पुस्तकात आहे. इथं पोचल्यावर सगळ्यात आधी कळतो तो वास. घोड्यांचा घाम, तुडवलेलं शेण, उन्हात तापलेलं चामडं आणि या सगळ्यावर पसरलेला गंधक. तो घशात जाऊन बसतो आणि कितीही थुंकलात तरी हलत नाही.

जरा बाजूला सरका. नागपूरकर रघोजी भोसल्यांची माणसं बाणांचे गठ्ठे उतरवताहेत. हे धनुष्याचे बाण नव्हेत. दारू ठासलेलं नळकांडं आणि त्याला चामड्याच्या वादीनं आवळलेला लांब बांबू, असा हा बाण. तुमच्यापुढे उकिडव्या बसलेल्या माणसाचे तळहात कोळशानं काळे झालेत आणि एक भुवई कधीतरी जळून गेलीय. तो बाण जमिनीवर तिरका टेकवतो, वातीला बत्ती देतो आणि मागे उडी मारतो. तुम्हीही मारा!

कान फाडणारा फर्राटा उठतो. बाण हातभर अंतर घसरतो, मग एकदम झेप घेतो, मागे ठिणग्यांची शेपूट सोडत निजामाच्या घोडेस्वारांकडे सुटतो. दुसरा सरळ जातच नाही. तो जमिनीवर आदळून उसळतो, वळसा घेतो आणि कुठंतरी झुडपात शिरतो. तिसरा नळकांड्यातच फुटतो. बांबूच्या चिरफळ्या तुमच्या पायाशी येऊन पडतात आणि कानात शिट्टी वाजत राहते. समोरच्या घोड्यांना हे सहन होत नाही. घोडा तोफेच्या आवाजाला एकवेळ सरावतो, पण जमिनीवरून वेडंवाकडं धावत येणाऱ्या आगीला तो सरावत नाही. त्यात शेजारच्या उंचवट्यावर पेशव्यांच्या बाजूनं लढणाऱ्या पेराँनं मांडलेल्या ३५ तोफा एकदम बोलायला लागतात. धुरात दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं. धूर विरतो तेव्हा समोरची ती घोडदळाची फळी पांगलेली असते.

माणसं फार मेलेली नाहीत. इतक्या मोठ्या फौजांच्या मानानं खर्ड्याला रक्त कमीच सांडलं. जिंकलं ते भीतीनं. रात्री तर निजामाच्या छावणीत नुसत्या गडबडीनं पळापळ होईल, खुद्द निजाम समोरच्या लहानशा भुईकोटात आसरा घेईल, आणि पुढचे दोन दिवस त्या कोटाभोवतीच्या माणसांना पाण्याच्या घोटासाठी जीव टाकावा लागेल. तेवढं थांबू नका. जाण्याआधी त्या काळ्या हातांच्या माणसाला एकच गोष्ट विचारा, "हा बाण किती वेळ जळेल?"

तो तुमच्याकडे बघत राहील. त्याला दारू कळते. सोरा ओला आहे का हे तो चिमटीत धरून सांगेल, ठासणी सैल पडली की नळकांडं फुटतं हेही त्याला अनुभवानं ठाऊक आहे. पण किती वेळ? ते त्याला सांगता येणार नाही, आणि त्या दिवशी त्या माळावरच्या कुणालाच सांगता येणार नाही. मला खर्ड्याची लढाई या एका प्रश्नासाठी महत्त्वाची वाटते. आग लावणं माणसाला केव्हाचं जमलं होतं. ती ठरवल्या वेळात, ठरवल्या जोरानं जाळून संपवणं जमलं नव्हतं.

ज्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं या प्रश्नाला दिली त्याच्याकडे आता जाऊ. उपरणं सोडू नका, तिथंही धूर आहे.

बर्मिंगहॅम. १९५०चं दशक उताराला लागलंय. दुपारचे चार वाजलेत आणि दिवे लागलेत, कारण आभाळ खाली आलंय. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर धुक्यात मिसळून गल्लीत साचलाय. कोटाच्या कॉलरवर काजळीची रेघ उमटलीय. बोटं गारठून सुन्न झालीत. विद्यापीठाच्या रसायन अभियांत्रिकीच्या इमारतीत शिरलात की वाफेच्या नळ्यांचा खळखळाट ऐकू येईल आणि हाताला ऊब लागेल. इथं प्रोफेसर गार्नर यांच्या हाताखाली एक मराठी तरुण काम करतोय. पुण्यात १९३३ साली जन्मलेला, कोल्हापुरात शिकलेला वसंत रणछोडदास गोवारीकर.

त्याच्या मागे उभे राहा आणि काय चाललंय ते बघा, घाई करू नका. वरवर पाहिलंत तर फारच साधं आहे. घन पदार्थ आहे आणि त्याच्या अंगावरून द्रव किंवा वायू वाहतोय. त्या पृष्ठभागावर दोन गोष्टी घडतात. उष्णता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाते आणि पदार्थ कणाकणानं निघून प्रवाहात मिसळतो. किती उष्णता गेली, किती पदार्थ गेला, प्रवाह वाढवला तर दोन्ही कसं बदललं? गार्नरांच्या प्रयोगशाळेत अशा झिजत्या गोळ्यांवर बरंच काम चालायचं. दिवसभर वजनं करायची, आकडे लिहायचे, संध्याकाळी समीकरणाशी झटापट करायची. यातून जी मांडणी उभी राहिली ती पुढे गार्नर-गोवारीकर सिद्धांत म्हणून ओळखली गेली.

तुम्ही म्हणाल, याचा आगीशी काय संबंध? सगळाच संबंध आहे. घन इंधन जळतं तेव्हा त्याच्या पोटात आग नसते. आग असते पृष्ठभागाच्या किंचित वर, वायूत. तिथली उष्णता परत घन पदार्थाकडे येते, वरचा पापुद्रा तापतो, त्याचा वायू होतो, तो वायू पेट घेतो आणि पुन्हा उष्णता परत पाठवतो. पृष्ठभाग असा थराथरानं मागे सरकत जातो. बर्मिंगहॅमच्या त्या गार खोलीत मांडलेला हिशेब म्हणजे आगीचाच हिशेब होता, फक्त ज्वाळा अजून लागली नव्हती.

ती पुढच्या मुक्कामी लागते. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि मग किडरमिन्स्टरजवळच्या समरफील्डमध्ये गोवारीकरांनी १९६७ पर्यंत काम केलं. समरफील्ड हे घन इंधनाच्या रॉकेट मोटरींचं ठिकाण. भोवती हिरवी कुरणं आणि मध्येच मातीचे उंच बांध, मोटर फुटली तर तुकडे अडावेत म्हणून घातलेले. इथं मी तुम्हाला फार वेळ थांबवत नाही. चांगला पगार होता, प्रयोगशाळा होती, नाव होत होतं. त्याच सुमाराला विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि गोवारीकर थुंब्याला आले.

कोट काढा. स्वेटर काढा. शर्टाची वरची दोन बटणंही सोडा.

तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला समुद्रकाठी आलोय आपण. पायाखाली मऊ वाळू, डोक्यावर माड, आणि हवा इतकी दमट की श्वासाबरोबर पाणी आत जातंय असं वाटावं. वाळत घातलेल्या मासळीचा आणि खोबरेल तेलाचा वास एकमेकांत मिसळलाय. पांढरं चर्च आहे ना समोर, ते सेंट मेरी मॅग्डालीनचं. तिथल्या कोळ्यांनी आणि त्यांच्या बिशपनी ही जागा रॉकेटच्या कामाला दिली, आणि चर्चमध्येच कचेरी नि कार्यशाळा उभी राहिली. १९६३ साली इथून पहिलं रॉकेट उडालं ते बाहेरून आणलेलं होतं. १९६७च्या नोव्हेंबरात आपलं स्वतःचं रोहिणी उडालं, त्याचा व्यास होता अवघा ७५ मिलिमीटर. हातात धरून बघा, मूठ पुरी मिटत नाही एवढंच.

कोल्हापूरच्या जेवणावर वाढलेल्या आणि दशकभर इंग्लंडात राहिलेल्या माणसाला इथं काय काय नवं असेल याचा विचार करा. भात उकड्या तांदळाचा, कालवणात नारळ, बोलणं मल्याळममध्ये. पण खरी झुंज हवेशी आहे. घन इंधनात प्राणवायू पुरवण्यासाठी अमोनियम परक्लोरेट घालतात. पांढरे स्फटिक असतात, दिसायला अगदी निरुपद्रवी. त्यांना दमट हवा मुळीच चालत नाही. ओल धरली की गुठळ्या होतात, मिश्रण नीट बसत नाही आणि जळण्याचा वेग बदलतो. समुद्राच्या काठावर, केरळच्या पावसाळ्यात, हा पदार्थ कोरडा ठेवायचा! खोलीत शिरताना तुमच्या अंगावरचा घामदेखील इथं शत्रू आहे.

आत जायचं असेल तर काडेपेटी बाहेर ठेवा, खिसे रिकामे करा. नायलॉनचा शर्ट असेल तर तो बदला, त्यावर साठलेली विजेची एक ठिणगी पुरे. लोखंडी हत्यार आत चालत नाही. आता त्या पातेल्यात डोकावू. परक्लोरेटमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी पडते, बारीक, रुपेरी. ती कुठंही चिकटते, नखांत शिरते, दोन दिवस धुतली तरी निघत नाही. आणि हे दोन्ही धरून ठेवायला चिकट रेझिन लागतं, ज्याला ही मंडळी बाइंडर म्हणतात. तेच जळायचं इंधनही असतं. हे बाइंडर बाहेरून आणायचं तर कुणाच्या तरी मर्जीवर राहावं लागणार. म्हणून थुंब्याच्या रसायनवाल्यांनी देशात काय पिकतं ते बघायला घेतलं आणि त्यातून एक बाइंडर निघालं, इस्रो पॉलिऑल. ते बनलं एरंडेलापासून.

होय, तेच एरंडेल. लहानपणी नाक दाबून तुमच्या घशात ओतलं गेलं ते. मराठवाड्यात, नगरकडे बांधाबांधावर उगवणारा एरंड अवकाश रॉकेटांच्या पोटात गेला, ही गोष्ट आपल्याकडे शाळेत का सांगत नाहीत याचं मला वाईट वाटतं. सांगायला हवी.

मिश्रण घट्ट, राखाडी आणि जड आहे. ते निर्वात पंप लावून साच्यात ओततात, कारण आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मधोमध चांदणीच्या आकाराचा दांडा उभा करून ठेवलेला असतो. मग ऊब देऊन दिवसचे दिवस ते घट्ट होऊ द्यायचं. दांडा उपसला की आरपार चांदणीच्या आकाराची पोकळी राहते. आग याच पोकळीत लागते आणि भिंत खात बाहेर सरकते. पोकळी गोल असती तर जळता पृष्ठभाग वाढतच गेला असता आणि जोरही. चांदणीची टोकं झिजत जातात आणि पृष्ठभाग बराच वेळ साधारण तेवढाच राहतो. आकार कागदावर काढलेला, पण त्यामागे भूमिती आहे, आणि भूमितीमागे तो जुना प्रश्न. किती वेळ जळेल?

आता गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे. इंधन जळण्याचा वेग आतल्या दाबाच्या एका घातावर अवलंबून असतो. तळाला भोक असलेल्या हंड्यावर नळ सोडा. पाणी चढलं की भोकातून जोरात बाहेर जातं, आणि कुठल्यातरी एका पातळीला येणारं नि जाणारं सारखं होऊन पाणी तिथं ठरतं. पण पातळी चढेल तसा नळच जास्त उघडत गेला तर? सगळं त्या उघडण्याच्या घाईवर आहे. रॉकेटमध्ये ही घाई म्हणजे तो घातांक. तो एकाहून पुरेसा कमी असला तर दाब आपोआप ताळ्यावर येतो. एकाच्या जवळ गेला तर जराशा चुकीनंही दाब भडकतो, आणि एक ओलांडला तर मोटर फुटणारच. इंधनात केसाएवढी भेग राहिली तरी जळायला नवा पृष्ठभाग मिळतो, म्हणून प्रत्येक मोटरीचा क्ष-किरणांनी तपास व्हायचा. खर्ड्याच्या माळावर तुमच्या पायाशी फुटलेला तो तिसरा बाण आठवा. त्याला हेच झालं होतं.

आज मोटर जमिनीला बांधून जाळून बघणार आहेत. बांधाच्या मागे या, कानात बोटं घाला. भोंगा वाजतो. माडांवरचे कावळे उठतात. मग छातीवर धक्का बसतो, कानाच्या आधी छातीवर, आणि नळकांड्याच्या तोंडातून डोळे दिपवणारा पांढरा जाळ निघतो. बघता बघता पांढऱ्याशुभ्र धुराचा डोंगर माडांच्या वर जातो. वास येतोय? गंधक नाही, झणझणीत आम्ल आहे. परक्लोरेट जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, नाकाच्या आतलं पातळ कातडं चुरचुरतं. बंकरमध्ये कागदाच्या पट्टीवर दाबाची रेघ उमटतेय. सगळे धुराकडे बघत असतील, तुम्ही ती रेघ बघा. झटकन वर चढली, सपाट गेली, झटकन खाली आली. आत चाललेली आग कागदावरच्या हिशेबाप्रमाणे वागली, एवढं त्या सपाट रेघेत आहे. या रेघेसाठी लोकांनी रात्री काढल्या आहेत.

साराभाई १९७१च्या अखेरीस गेले, अचानक. त्याआधी त्यांनी उपग्रह वाहून नेणाऱ्या एसएलव्ही-३ची आखणी केली होती आणि तिचे चार टप्पे चौघांकडे सोपवले होते: गोवारीकर, कुरूप, मुथुनायगम आणि कलाम. चारही टप्पे घन इंधनाचे. ७५ मिलिमीटरवरून पहिल्या टप्प्याचा व्यास एक मीटरवर जाणार होता, आणि त्यात सुमारे नऊ टन इंधन ओतायचं होतं. नऊ टनांत एकही भेग नको, एकही बुडबुडा नको.

श्रीहरिकोटा. पूर्वेचा समुद्र, सुरूची बनं, निलगिरीचा वास, आणि सकाळीच अंगाला चिकटणारा सदरा. १९७९च्या ऑगस्टमध्ये इथं आलात तर डोळ्यांत पाणी घेऊन परताल. पहिला टप्पा उत्तम जळला, पण दुसऱ्या टप्प्याच्या दिशानियंत्रणाचं आम्ल गळून गेलं होतं आणि पाचेक मिनिटांत सगळं समुद्रात गेलं. म्हणून मी तुम्हाला १९८०च्या जुलैची १८ तारीख दाखवतो. सकाळी आठ वाजून तीन मिनिटं. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आता गोवारीकर आहेत, मोहिमेचे प्रमुख कलाम, आणि इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन.

पहिल्यांदा फक्त उजेड दिसतो. २२ मीटर उंचीचं, १७ टनांचं रॉकेट जाळावर उचललं जातं आणि आवाज नाही! बाजूचा माणूस काहीतरी बोलतोय, ते तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं. मग गडगडाट पोचतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात, सुरूच्या झाडांतून पाखरांचा थवा उठतो, घशात काहीतरी दाटतं. मोजा मनात. पन्नासेक सेकंदांत पहिला टप्पा संपतो, ठरलेल्या वेळी. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा. प्रत्येक टप्पा किती वेळ जळेल हे आधी कागदावर लिहिलेलं आहे. काही मिनिटांनी ३५ किलोचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती फिरायला लागतो, आणि नियंत्रणकक्षात मोठी माणसं लहान मुलांच्या उत्साहानं उड्या मारतात. तुम्हीही मारा, कुणी बघत नाहीये.

गोवारीकर म्हटलं की बहुतेकांना पाऊस आठवतो, रॉकेट नाही. १९८७ साली देशाला भयंकर अवर्षणानं पोळलं. पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीला जाऊ. लू वाहतेय, खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलाय आणि विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव असलेले गोवारीकर थापलियाल, सिक्का यांच्यासारख्या हवामानतज्ज्ञ सहकाऱ्यांबरोबर सोळा घटकांचं गणित मांडताहेत. हिमालयावरचा बर्फ, पॅसिफिकमधला एल निनो, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा हवेचा दाब, असे सोळा. सूत्राकडे नीट बघा. प्रत्येक घटकाला एकेक घातांक. दाबाच्या घातावर जळण्याचा वेग मांडणारा माणूस आता बर्फाच्या आणि वाऱ्याच्या घातावर पाऊस मांडतोय. मला या माणसाची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. विषय बदलला, विचार करण्याची पद्धत बदलली नाही.

१९८८चा पाऊस भरपूर झाला आणि अंदाज खरा ठरला. जामखेड, कर्जत, आष्टी या कोरड्या पट्ट्यात आडताच्या कट्ट्यावर बसलेली माणसं रेडिओला कान लावून सोळा निकषांची चर्चा करू लागली, बियाणं कधी घ्यायचं ते त्यावरून ठरवू लागली. २००२ साली मात्र मोठं अवर्षण आलं, ते या प्रारूपाला दिसलं नाही, आणि हवामानखात्यानं ते बदललं. हेही सांगितलंच पाहिजे. आगीच्या सूत्रातला घातांक प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा जाळून पारखता येतो. पाऊस वर्षातून एकदाच पडतो, त्याची बांधून घालून चाचणी घेता येत नाही.

यावर त्यांना काय वाटत होतं, हे विचारायचं असेल तर आणखी एक मुक्काम करू. १९९०च्या दशकाचा उत्तरार्ध. गोवारीकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेत, मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आहे. परिषदेच्या अधिवेशनाचा मांडव आहे. सतरंज्यांवर गावोगावचे शिक्षक, पुढे कॉलेजची पोरं. काहींच्या हातात गोवारीकर, विश्वनाथन आणि श्रीधर यांचं पॉलिमरवरचं जाडजूड पुस्तक आहे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कोपरे दुमडून दुमडून वापरलेलं. चहाच्या पिंपाशी झुंबड आहे, आल्याचा वास सुटलाय, ध्वनिक्षेपक मधूनच किंचाळतो.

भाषण संपलंय, लोक प्रश्न विचारायला उठताहेत. तुम्हीही हात वर करा. प्रश्न मराठीतच विचारा: ज्वाळेवर जेवढा भरवसा ठेवता आला, तेवढा ढगावर ठेवता येईल का? तुमच्या पुढे रांगेत दोघं-तिघं आहेत. तोवर चहा घेऊन या.